वय एकोणीस, अनुभव सत्तावीस वर्षे

अख्ख्या कर्जत-खालापुरात नोकरी शोधण्याचीच नोकरी इमानेइतबारे करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. बाकीचे लोक नोकरी शोधतात म्हणजे काय करतात? मोबाईलवर अंगठा फिरवतात, चार ठिकाणी बटण दाबतात आणि मग नशिबाला बोल लावत वडापाव खातात. आमच्या भावोजींचं तसं नव्हतं. सकाळी नऊच्या ठोक्याला ते कडावच्या नाक्यावरच्या माझ्या दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट, हातात तीन पुडांचा डबा. बूट दाराबाहेर काढून, मोजे घडी घालून त्यात ठेवून, "आलो गं" म्हणत ते मागच्या कॉम्प्युटरवर बसायचे. साडेबाराला डबा, एक वाजता पुन्हा कॉम्प्युटर, आणि साडेपाचला खुर्ची आत सरकवून माझ्यासमोर उभे राहायचे. "निघू का, मेव्हणीबाई?" मी मान वर न करता "हं" म्हणायचे. दीड वर्षात एक दिवस खाडा नाही. रविवारी मात्र यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांना सुट्टी असायची.

माझं दुकान झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळांचे प्रवेश, रेशनकार्डातली नावं, असलं सगळं. दोन कॉम्प्युटर, एक मशीन, एक कपाट. भावोजी यायला लागले आणि तिसऱ्या दिवशी माझं कपाट माझं राहिलं नाही. भावोजींनी सत्तावीस वर्षं एका कंपनीत स्टोअरकीपरचं काम केलेलं. त्यांनी कागदाचे गठ्ठे उंचीप्रमाणे लावले, शाईच्या डब्यांना पुठ्ठ्याची खोकी केली, आणि प्रत्येक खोक्याला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली. 'स्टेपलर पिना, लहान.' 'स्टेपलर पिना, मोठ्या.' 'खोडरबर, अर्धे.' किल्ली त्यांच्या खिशात. मला माझ्याच दुकानात डिंकाची बाटली हवी असली की विचारायचे, "कशाला पायजे?" एकदा गिऱ्हाईक समोर उभं, हातात फाटलेली पत्रिका, आणि हा माणूस मला विचारतोय, जुनी बाटली पूर्ण संपली का, दाखव. मी चिडून म्हटलं, भावोजी, तुम्ही माझे मालक आहात का? ते शांतपणे म्हणाले की मालकाला तर ते कधीच काही देत नसत. खोटं नाही सांगत, त्या दीड वर्षात माझ्या दुकानातली एकही वस्तू हरवली नाही.

त्यांची कंपनी खालापूरकडे हायवेच्या अलीकडे. लोखंडाचे सुटे भाग व्हायचे तिथे. सकाळी कंपनीची बस गावाच्या फाट्यावर यायची आणि भावोजी तिथे बसच्याही आधी दहा मिनिटं उभे असायचे. स्टोअरात नटबोल्ट, ग्रीस, हातमोजे असायचेच, पण एका कप्प्यात शाली असायच्या आणि दाराजवळ एक टोपली नारळांची. कंपनीत कुणी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झालं की शाल-श्रीफळाची जबाबदारी स्टोअरची, म्हणजे यांची. नारळ ते कानाशी धरून हलवून घ्यायचे. पाणी वाजलं नाही तर दुकानदाराला परत. शिवाय भाषणही हेच लिहून द्यायचे. सगळ्यांना एकच भाषण, फक्त नाव बदलायचं. 'आपण कंपनीला आयुष्यातला उमेदीचा काळ दिलात, त्याबद्दल कंपनी आपली ऋणी आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मॅनेजर ते उभं राहून वाचायचा, टाळ्या व्हायच्या, निवृत्त होणारा रडायचा, आणि भावोजी मागे दाराशी उभे राहून आपलं भाषण ओठात म्हणायचे. असे कितीतरी निरोप त्यांनी पार पाडले. स्वतःच्या निरोपाचीही त्यांनी मनात तयारी करून ठेवली होती, हे ताईला ठाऊक होतं. नारळाला पाणी चांगलं वाजेल असा बघायचा आणि शाल मरून रंगाची, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि एका सकाळी बस आलीच नाही. भावोजी टमटम करून गेले. गेटला टाळं, टाळ्यावर इंग्रजी कागद. बाकीचे लोक ओरडले, शिव्या दिल्या, पुढाऱ्याला फोन केले आणि दुपारपर्यंत पांगले. हे मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच. कारण स्टोअरच्या किल्ल्या यांच्याकडे होत्या. चार्ज कुणाला द्यायचा? वॉचमन किल्ल्या घेईना, साहेब फोन उचलेनात. शेवटी किल्ल्या घेऊन घरी आले आणि ताईला म्हणाले, "मला कुणी 'जा' म्हणालं नाय गं." तेव्हा ते साडेछप्पन वर्षांचे होते. घरचं भात होतं, वाल होता, दोन म्हशी होत्या, पोरगी लग्न होऊन सुखात होती. पोटाचा प्रश्न नव्हता. ताईने परोपरीने सांगितलं की आता घरी बसा, पुष्कळ झालं. तर एक दिवस डबा भरून घेऊन माझ्याकडे आले आणि खुर्चीवर टेकत म्हणाले, "मला पगाराचं नाय. अठ्ठावन्न पुरं होईल त्या दिवशी मी कुठंतरी कामावर पायजे. म्हंजे निरोप मिळंल." मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. आता नोकरी मिळाली तर ती गोडाऊनात नाहीतर पॅकिंगच्या शेडमध्ये, आणि तिथे अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण कुणाला शाल घालतंय, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

अशी सुरू झाली त्यांची नोकरी. मी त्यांना एका नोकरीच्या साइटवर नाव नोंदवून दिलं, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला तो टाकला, आणि म्हटलं आता ही तुमची माहिती भरा. त्यांनी ती चार दिवस भरली. एका बोटाने, आणि प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देऊन. लोक अशा ठिकाणी काय काय थापा मारतात, मी रोज बघते. यांना विचारलं, तुमच्यातला एक दोष सांगा. यांनी लिहिलं, 'मोठा आवाज झाल्यास दचकतो.' विचारलं, कधीपासून रुजू होऊ शकाल? यांनी लिहिलं, 'भात झोडून झाल्यावर लगेच.' पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता, असा एक प्रश्न असतो. त्यावर पोरं मॅनेजर, डायरेक्टर असं काहीबाही लिहितात. भावोजींनी लिहिलं, 'घरी.' मी म्हटलं, अहो असं लिहिलंत तर कोण घेईल तुम्हाला? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मते प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ होतं. फोटो टाकला तो कंपनीच्या जुन्या ओळखपत्रावरचा, काळ्याभोर मिशांचा. तो बघून माझ्या दुकानातल्या एका बाईने विचारलं होतं, हा मुलगा कुणाचा?

बरं, जाहिरात आवडली म्हणून लगेच अर्ज करतील तर ते भावोजी कसले. आधी कंपनी बघून यायचे, तो दिवस बाहेरच्या ड्युटीचा. मुलीसाठी स्थळ बघायला जातात ना, अगदी तसं. चौकला, खोपोलीला, पार रसायनीपर्यंत हा माणूस टमटम बदलत जायचा आणि कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटेपर्यंत बसून राहायचा. साहेब हाक कशी मारतो, कॅन्टीनचा भात मोकळा असतो की गिचका, संडासला पाणी असतं का, हे सगळं सुटलेल्या कामगारांना विचारायचा. लोक बाहेर पडताना आपसात बोलत येतात की गुमसुम येतात, हे विशेष बघायचा. आपल्याकडे इस्त्रीच्या शर्टातला माणूस कुठल्याही गेटसमोर तासभर उभा राहिला की तो जमिनीचा एजंटच समजला जातो. एका ठिकाणी तर बाजूचा शेतकरी येऊन यांना म्हणाला, शेठ, ही कंपनी सोडा, माझी दीड एकर बघा, रस्त्याला लागून आहे. भावोजींनी ती दीड एकर बघितली. बांध घालायला झालाय असं सांगून, दोन कप चहा पिऊन परत आले. त्या कंपनीला अर्ज केला नाही, कारण कामगार गुमसुम बाहेर पडत होते.

नकाराची पत्रं यायची, म्हणजे कधीमधी यायची. बहुतेक ठिकाणांहून काहीच यायचं नाही. पण एखादं आलंच की भावोजींना केवढा आनंद. नकार असला म्हणून काय, कुणीतरी वाचलं तरी. ते प्रत्येक नकाराला उत्तर लिहायचे. 'आपले पत्र मिळाले. एवढ्या व्यापात आठवण ठेवलीत, आभारी आहे. योग्य उमेदवार मिळाला असेलच. कळावे.' ती उत्तरं लगेच उलट यायची, हा पत्ता अस्तित्वात नाही, पत्र पोहोचू शकत नाही असं इंग्रजीत. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा भावोजी हळूच म्हणाले, "ह्यांची पण बंद पडली वाटतं." मला त्यांना समजावून सांगायचं होतं की ते पत्र माणसाने लिहिलेलंच नसतं, मशीन पाठवतं, उत्तर घ्यायला तिकडे कुणी नसतं. नाही सांगितलं. मी तोंडाने फटकळ आहे, पण इतकी नाही.

आता गंमत बघा. स्वतःला एक नोकरी मिळाली नाही, पण दुसऱ्यांना यांनी बारा-तेरा नोकऱ्या लावून दिल्या. जाहिराती वाचून वाचून कुठे काय निघालंय हे यांना तोंडपाठ. फार्महाऊसला माळी पाहिजे, रिसॉर्टला स्वयंपाकी पाहिजे, पॅकिंगला मुली पाहिजेत. लोकांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. डोंगराकडच्या ठाकरवाडीतले लोकही यायला लागले. वाडीत रेंज नाही, घरात एक मोबाईल आणि तो कामावर गेलेल्याच्या खिशात. साइटचा नियम असा, की एका मोबाईल नंबरावर एकच माणूस. मग भावोजी काय करायचे, स्वतःच्याच नोंदीतलं स्वतःचं नाव पुसायचे आणि तिथे समोरच्याचं नाव, वय, शिक्षण, अनुभव भरायचे. अर्ज करायचे, फोन आला की निरोप पोचवायचे, त्याचं काम झालं की त्याचं नाव पुसून परत स्वतःचं भरायचे. एका बोटाने. सत्तावीस वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचे, भावोजी, असं आपलं नाव सारखं पुसू नये. ते म्हणायचे, नाव काय, परत लिहिता येतं.

मागच्या थंडीत, अठ्ठावन्नाला पाच महिने उरले असताना, ती जाहिरात आली. लोधिवलीच्या बाजूला मोठं गोडाऊन, स्टोअरकीपर पाहिजे, वयाची अट नाही, अनुभवी माणसाला आधी घेऊ. मी स्वतः वाचून दाखवली. भावोजींनी दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी स्थळ बघून आले, आणि आले ते खुलूनच आले. मांडण्या नव्या आहेत म्हणाले, लोक हसत बाहेर पडतात म्हणाले, कर्जतहून बस आहे आणि वेळेवर आहे. अर्ज केला. त्या दिवशी साडेपाचला "निघू का" विचारतानासुद्धा त्यांचा आवाज वेगळा होता.

दोन दिवसांनी ठाकरवाडीतली संगीता आली, बापाला घेऊन. बाप बाजारात कधी कंद, कधी मध घेऊन बसतो, तो मला माहीत होता. पोरगी बारावी झालेली, वाडीतली पहिलीच. त्याच गोडाऊनात मालावर स्कॅनर फिरवायच्या कामाला मुली घेत होते आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. भावोजी उठून माझ्यापाशी आले. दुकानात त्या दिवशी मरणाची गर्दी, कुठल्यातरी योजनेचे फॉर्म, सर्व्हर बंद, बायका माझ्या डोक्यावर उभ्या. भावोजी हळूच म्हणाले की माझ्या नंबरावर माझा अर्ज चालू आहे, या पोरीसाठी तुझा नंबर देतेस का? आणि मी, कर्जवाल्यांच्या नि विमावाल्यांच्या फोनांनी आधीच वैतागलेली, सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा नंबर नाही देणार हं कुणाच्या फंदात. आणि आवरा लवकर, कॉम्प्युटर लागतोय मला." त्यांनी मान डोलावली. जाऊन बसले, स्वतःचं नाव पुसलं, तिचं घातलं, वय घातलं, शिक्षण घातलं. मी दोनदा ओरडले, भावोजी झालं का. झालं म्हणाले आणि उठले. पुढच्या पानावरचा अनुभव पुसायचा राहिला.

चार दिवसांनी फोन आला. भावोजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे आणि प्रसादाचं ताट धरावं तसा दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायचे, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं. गोडाऊनच्या ऑफिसातली मुलगी होती. हसत होती बिचारी. संगीता आहेत का, म्हणाली. यांनी सांगितलं, घरचाच माणूस बोलतोय. मग ती म्हणाली की सर, या नावाचे आमच्याकडे दोन अर्ज आहेत, एक स्कॅनिंगचा आणि एक स्टोअरकीपरचा. वय एकोणीस आणि अनुभव सत्तावीस वर्षं. जन्माच्या आधीपासून कामाला होत्या का? असे बोगस अर्ज आम्ही काढून टाकतो, दोन्ही काढू का?

दुकानात मी आणि भावोजी दोघंच होतो. नोंदीतलं नाव बदललं तसं भावोजींच्या आधीच्या अर्जावरचंही बदललं होतं. मी हाताने खुणा करत होते, सांगा, सांगा तुमचा आहे म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन आणखी जवळ घेतला. "बाई, अनुभव चुकून पडलाय," ते म्हणाले. "तो कुणाचा नाय. स्टोअरकीपरचा अर्ज काढून टाका. पोरगी मात्र खरी हाय, तिचा ऱ्हाऊ द्या." पलीकडची मुलगी ठीक आहे म्हणाली आणि संगीताला सोमवारी यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर भावोजींनी तो रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला. मी खेकसलेच त्यांच्यावर. म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? तर म्हणाले, एका नंबरावर दोन माणसं सांगितली असती तर दोघं बोगस ठरली असती, पोरगी वाडीतून एवढं शिकून आलेली.

मी तेवढ्यावर सोडलं नाही. नाव बदलून पुन्हा अर्ज करायला बसले, तर साइटने सांगितलं, या जागेसाठीचा अर्ज रद्द झाला आहे, पुन्हा करता येणार नाही. म्हटलं, स्वतः जा, भेटा, कागद दाखवा. गेले. लोधिवलीला समोरच्या टपरीवर चहा प्यायले आणि परत आले. आत गेलो असतो तर नंबर तोच निघाला असता, आणि बालंट पोरीवर आलं असतं, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांनी कळलं, तिथे तिशीतला कुणी मुलगा स्टोअरकीपर लागला. संगीताला हे काही माहीत नाही. भावोजींनी मला ताईची शपथ घातली होती, आणि ताईला माझी.

संगीता दर रविवारी बापाबरोबर बाजारात येते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. भावोजींचा रविवार सुट्टीचा, पण ती लागल्यापासून रविवारी दुपारी दुकानापर्यंत चक्कर मारायचे आणि दारातच बाकड्यावर बसायचे. ती सांगायची, काका, आमच्यात नवा सर लय गोंधळ घालतो, जड खोकी वरती ठेवतो, काही सापडत नाही. भावोजी तिला समजावायचे. जड खाली, रोजचं हाताशी, जुना माल पुढे. माझ्याच कागदावर मांडण्या काढून दाखवायचे. ती कागद घेऊन जायची. एकदा येऊन म्हणाली, सरांनी सगळं तसं लावून घेतलं, आता पटकन सापडतं. त्या दिवशी भावोजी खूश होऊन सगळ्यांना भजी खायला घेऊन गेले. मी माझ्या वाट्याची भजी कागदात गुंडाळून ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं, तो नंबर. दहा आकडे सांगायला काय लागतं माणसाला?

त्यानंतरही ते येतच राहिले, नऊच्या ठोक्याला. पण स्वतःचं नाव त्यांनी परत भरलं नाही. एकामागून एक दुसऱ्यांचीच नावं तिथे येत राहिली, माळी, स्वयंपाकी, ड्रायव्हर. मी विचारलं की म्हणायचे, भरू, घाई काय. अठ्ठावन्न पुरं होण्याच्या महिन्याची शेवटची तारीख आली. आदल्या दिवशी ताईने मरून रंगाची शाल आणून ठेवली होती, ती यांनी घडीसुद्धा मोडू दिली नाही. घरच्या माणसाने शाल घातली तर तिला निरोप म्हणत नाहीत, थंडी वाजते म्हणून घातली म्हणतात, असं तिला सांगितलं. ताई मला फोनवर हे सांगून हसली आणि हसता हसताच तिने फोन ठेवला.

त्या दिवशी ते आले, बूट काढले, आणि सकाळी नऊ ते साडेअकरा टाइप करत बसले. मी मध्ये डोकावले, तर स्वतःचं नाव भरत होते. वय, शिक्षण, स्टोअरची सत्तावीस वर्षं, एकेक मांडणी, एकेक वस्तू. दोष विचारला होता तिथे पुन्हा तेच, मोठा आवाज झाल्यास दचकतो. शेवटी साइटने हिरवी खूण दाखवली, तुमची माहिती शंभर टक्के पूर्ण झाली, अभिनंदन. म्हटलं, आता कुठे अर्ज करायचा? तर म्हणाले, "आता खातं बंद कर. बंद करायचं तर आपल्या नावानं."

मी बंद करायचं बटण दाबलं. साइटने कारण विचारलं. नोकरी मिळाली, साइट आवडली नाही, फार फोन येतात, असे पाच-सहा पर्याय. भावोजींनी सगळे वाचले, 'इतर' निवडलं आणि चौकटीत लिहिलं, 'वयोमानानुसार सेवानिवृत्त.' दोन मिनिटांत मेल आला. आपल्यासोबतच्या काळाबद्दल आम्ही आपले आभारी आहोत, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. वर त्यांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. भावोजी खुर्चीतून उठले. म्हणाले, "छापून घे." मी चांगल्या जाड कागदावर छापलं. मग शर्ट खाली ओढून, हात मागे बांधून ते दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वाच."

मी उभी राहिले आणि वाचलं. दोनच ओळी होत्या, पण मध्ये अडखळले, परत पहिल्यापासून वाचावं लागलं. सातबाऱ्यासाठी बसलेले एक म्हातारबाबा, काहीतरी सरकारी चाललंय असं वाटून टोपी सारखी करून उभे राहिले आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. भावोजींनी दोन्ही हातांनी कागद घेतला, घडी न घालता फायलीत ठेवला. मला राहवलं नाही. म्हटलं, भावोजी, त्या दिवशी मी माझा नंबर दिला असता तर आज...

"नंबर तुझा असता तरी वय माझंच व्हतं ना," ते म्हणाले. मग खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "हा घे चार्ज." डब्याची पिशवी उचलली, खुर्ची आत सरकवली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बाराच वाजले होते. "निघू का, मेव्हणीबाई?"

दीड वर्षं मी ज्या प्रश्नाला मान वर न करता 'हं' म्हणत आले, त्याला मला 'हो' म्हणवेना. दुकान उघडं टाकून, म्हातारबाबांना लक्ष ठेवायला सांगून, मी त्यांच्यासोबत टमटमपर्यंत चालत गेले. टमटममध्ये बसल्यावर त्यांनी फाईल मांडीवर सरळ ठेवली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लहान पिनांच्या दोनच डब्या उरल्यात गं. मागवून ठेव." मी हो म्हटलं. टमटम वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते.